कमरेचे ऑपरेशन झाल्यावर कामावर कधी?

कळंब्यात सेंट्रिंगचे काम करणाऱ्या आमच्या एका बंधूंना डॉक्टरांनी मणक्याचे ऑपरेशन सांगितले. घरच्यांचा प्रश्न एकच, पुन्हा कामावर कधी?

याचा अंदाज थोडाफार आधी बांधता येतो. मणक्यातली गादी सरकून शिरेवर दाबत असेल तर पायात उतरणारी कळ ऑपरेशनने बहुधा लवकर थांबते. नुसती कंबरदुखी तितकी हमखास जात नाही. कळ सहा महिन्यांहून जुनी असेल तर गुण कमी येतो. मणके जोडायचे असतील तर तंबाखूमुळे हाड नीट सांधत नाही. (भगिनींनो, मिश्रीही तंबाखूच!) आणि मन खचलेला, हालचालीला भिणारा रुग्ण उशिरा सावरतो. हे आम्हांलाही पटायला वेळ लागला.

इंग्लंडातील ऑस्वेस्ट्रीची, १९८० साली प्रसिद्ध झालेली १० प्रश्नांची यादी आजही जगभर वापरतात. किती वेळ बसवते, किती वजन उचलवते, झोप लागते का, असे साधेच प्रश्न. ऑपरेशनआधी व नंतर ती भरली की फरक कळतो.

लघवी अडली किंवा पाय लुळा पडू लागला तर मात्र अंदाज बांधत बसू नये, त्याच रात्री सीपीआर गाठावे.

आमच्या बंधूंची कळ पायातली, तीन महिन्यांची. बिडी सुटली आहे. प्लेटा उचलण्याचे विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी चालायला लागा.