संगणक तापतो तेव्हा

श्रोतेहो, बारामती-इंदापूरकडचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. अशा दुपारी शाळेतला संगणक रेंगाळू लागतो, मधेच बंदही पडतो. गुरुजी म्हणतात, बिघडला. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो, तापलेला असतो.

संगणकाची सारी आकडेमोड प्रोसेसर नावाचा काड्यापेटीएवढा तुकडा करतो. साध्या कामाचा प्रोसेसर बहुधा 65 वॅटचा असतो. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी आच एवढ्याशा जागेतून निघते. तो शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. म्हणून त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो.

आता दुकानदार सांगतो, पाण्याने थंड होणारी सोय घ्या. पाणी म्हटले की आपल्याला बरे वाटते. पण जरा थांबा. विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवा. त्याला विहिरीचे गार पाणी मिळते आणि तापलेले पाणी पाटात निघून जाते. संगणकात तसे नाही हो! तिथे तेच ते पाणी नळीतून फिरते आणि शेवटी पंख्यापुढे येऊन आपली उष्णता खोलीतल्याच हवेला देते. माठासारखे ते पाझरून गारही होत नाही. खोली 42 अंशांवर असेल, तर पाण्याचा असो की साधा, कोणताही पंखा प्रोसेसरला 42 च्या खाली नेणार नाही. शिवाय पाण्याचा छोटा पंप कधीतरी थकतो, आणि तालुक्याला तो दुरुस्त कोण करणार?

तेव्हा पत्रे लिहिणे, हिशेब, मुलांचे धडे एवढ्यासाठी प्रोसेसरबरोबर मिळालेला पंखा पुरतो. चित्रफिती जोडण्यासारखे जड काम तासन्‌तास चालत असेल, तर तांब्याच्या नळ्यांचा उंच ठोकळा घ्यावा. नळीतला थोडासा द्रव तळाशी वाफ होतो, वर जाऊन निवतो आणि परत खाली येतो. भाताच्या झाकणावरचे पाणीच म्हणा ना! पेटीत त्याची उंची मावते का, तेवढे आधी मोजा.

उरलेला पैसा खोलीवर घाला. खोली पाच अंशांनी उतरली, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच उतरतो. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या कूलरचा गुण चांगला येतो. फक्त त्याचा ओला झोत थेट संगणकावर नको.

आणि धूळ! गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या आसपास काजळी उडते, त्यात शेतात पेटवलेल्या पाचटाची राख. ती पात्यांत बसली की महागडा पंखाही आंधळा. महिन्यातून एकदा वीज तोडून मऊ ब्रशाने झाडा, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ठोकळा उचललाच, तर खालचा वाळलेला लेप पुसून नवा लावायला विसरू नका. तुरीच्या दाण्याएवढा पुरे. जास्त लावून गारवा वाढत नाही, नुसता बरबटा होतो.