मूल होत नाही? आधी नवऱ्याची तपासणी

मी युरॉलॉजिस्ट आहे हे कळले, की मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी चहाचा कप घेऊन मला कोपऱ्यात गाठतेच. प्रश्न असतो बायकोच्या तपासण्यांचा. नळ्यांचा एक्स-रे झाला, हार्मोन्स झाली, आता पुढे काय? "तुमची वीर्यतपासणी झाली का?" असे मी विचारले, की गृहस्थ गप्प होतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोष पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असतो. ही तपासणी स्वस्त आणि बिनवेदनेची. तरी ती सर्वांत शेवटी होते, आणि तोवर बोल सूनबाईला लागतात!

दुरुस्त होण्याजोग्या कारणांत सर्वांत नेहमीचे म्हणजे व्हॅरिकोसील. पायाच्या शिरा फुगतात तशाच वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, बहुधा डाव्या बाजूच्या. साचलेल्या रक्तामुळे वृषण गरम राहते. शुक्रजंतू नीट तयार व्हायला मात्र शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते.

पण घाबरू नका. सुमारे १५ टक्के पुरुषांत व्हॅरिकोसील असते आणि त्यांतल्या बहुतेकांना मुले होतात. हाताला लागणारे व्हॅरिकोसील आणि किमान दोन वीर्यतपासण्यांत दोष, असे दोन्ही असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. फक्त सोनोग्राफीत दिसले म्हणून ऑपरेशन करून घेऊ नये.

माझी पसंती सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेला आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. मार्क गोल्डस्टीन यांनी १९९२ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, त्यानंतर ती खूप रुळली. जांघेजवळ इंचभर छेद घेऊन फुगलेल्या शिरा एकेक करून बांधतात. धमनी आणि लसिकावाहिन्या स्पष्ट दिसत असल्याने त्या वाचतात. त्यामुळे वृषणाभोवती पाणी साचणे किंवा व्हॅरिकोसील पुन्हा होणे क्वचितच घडते. जुन्या उघड्या पद्धतीत दोन्ही जास्त. लॅपरोस्कोपीला पूर्ण भूल लागते आणि पोटात शिरावे लागते. एम्बोलायझेशनमध्ये रेडिऑलॉजिस्ट शिरेतून बारीक नळी घालून आतून बूच बसवतो. छेद नको असेल तर पर्याय चांगला, मात्र काहींच्या शिरेपर्यंत नळी पोचत नाही.

रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. दोन-तीन आठवडे वजन उचलायचे नाही. इंडियन स्टोअरमधली तांदळाची गोणीसुद्धा नाही.

शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी. साधारण दोन-तृतीयांश पुरुषांत सुधारणा दिसते. गर्भ राहण्याचे प्रमाण त्याहून कमी. पत्नीचे वय सदतीस-अडतीस असेल तर वाट पाहण्यात वेळ घालवू नका, टेस्टट्यूब बेबीच्या तज्ज्ञांनाही त्याच आठवड्यात भेटा.

आता पैशांचे. अनेक विमा योजना वंध्यत्वाचे उपचार वगळतात. मॅसॅच्युसेट्सने १९८७ मध्ये आणि न्यू जर्सीने २००१ मध्ये त्यासाठी कायदे केले. पण मोठी कंपनी स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल तर राज्याचा कायदा तिला लागू होत नाही. तुमची योजना कुठल्या प्रकारची आहे हे एच.आर.ला विचारा आणि ऑपरेशनची पूर्वमंजुरी लेखी घ्या. सुट्टीत पुण्या-मुंबईला करून घेणार असाल, तर सर्जनला एवढेच विचारा: सूक्ष्मदर्शक वापरता का, आणि वर्षाला अशी किती ऑपरेशने करता?