शाळेत आलेला संगणक : बीबीसी मायक्रो

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत एकाच साच्यातून कित्येक मूर्ती निघतात, हे तेथील मुलांस सांगावे लागत नाही. संगणकास दिलेली आज्ञावली हाही एक साचाच होय. मुलांनी मूर्ती नुसती न पाहता साचाही घडवावा, अशा विचाराचे एक यंत्र १९८१ च्या डिसेंबरात इंग्लंडात विक्रीस आले. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने ते बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेसाठी तयार केले होते; म्हणून त्यास बीबीसी मायक्रो हे नाव मिळाले.

त्याच्या 'बी' नमुन्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे सुमारे ३२ हजार रोमन अक्षरे मावतील एवढी. यंत्र चालू केले की ते आज्ञेची वाट पाहत स्वस्थ राही. 'एक ते दहा अंक क्रमाने घे, प्रत्येकास सातने गुण आणि उत्तर लिही' एवढे बेसिक भाषेत सांगितले की सातचा पाढा उमटे. सातच्या जागी तेरा घातले की तेराचा. आज्ञा चुकल्यास उत्तर चुके, आणि चूक मुलासच शोधावी लागे. यंत्राचे खरे शैक्षणिक मोल हेच.

भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'क्लास' प्रकल्पासाठी हेच यंत्र निवडण्यात आले. प्रारंभी सुमारे २५० शाळा होत्या. पुढे ही संख्या अडीच हजारांवर गेली. प्राथमिक शाळा मात्र बाहेरच राहिल्या. शिक्षकांचे प्रशिक्षण थोड्या आठवड्यांचे, पाठ बहुतांशी इंग्रजीतील. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी यंत्राचा पुरेसा उपयोग झाला नाही. त्याचा दोष यंत्रास देता येणार नाही.

एकॉर्नच्याच सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी पुढे 'आर्म' हा प्रक्रियक रचला. त्याची पहिली चकती १९८५ मध्ये चालली, आणि तिची रचना पडताळण्यास बीबीसी मायक्रोच उपयोगी पडला. आज शिक्षकांच्या खिशातील बहुतेक भ्रमणध्वनी याच वंशाच्या प्रक्रियकावर चालतात. २०१२ साली केंब्रिजमधूनच निघालेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाच्या नमुन्यांस 'ए' व 'बी' ही नावे जुन्या यंत्रावरूनच दिली गेली.

वीज गेलेली असतानाही हा पाठ घेता येतो. एका विद्यार्थ्यास 'यंत्र' करावे व इतरांनी त्यास फळ्यापर्यंत न्यावे. 'फळ्याकडे जा' म्हटल्यास त्याने जागचे हलू नये. किती पावले, कोणत्या दिशेस, हे सांगावेच लागेल. वाटेत बाक आला की वर्गात पहिला वाद सुरू होतो.