शाकारलेल्या नौकेची बॅटरी आणि इंधन

जून महिना उजाडला की सातपाटी-अर्नाळ्यापासून हर्णै, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या कोकण किनाऱ्यावर एकच लगबग दिसू लागते. जाळी धुऊन, वाळवून माळ्यावर जातात. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात किंवा खाडीत सुरक्षित जागी नांगरल्या जातात आणि झावळ्या व ताडपत्री घालून शाकारल्या जातात. मासळीचा प्रजननकाळ आणि खवळलेला समुद्र या दोन कारणांनी पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते. अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस या बंदीसाठी ठरविण्यात आले आहेत.

या काळात नौकेचा सांगाडा आणि जाळी यांची निगा आपले मच्छीमार बांधव पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने उत्तम ठेवतात. परंतु यंत्राबरोबर नौकेवर आलेल्या दोन वस्तूंकडे, म्हणजे बॅटरी आणि टाकीतील इंधन यांकडे, पुष्कळदा दुर्लक्ष होते. नौका उभी राहिली म्हणजे त्यांनाही विश्रांती मिळाली, असा समज असतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नौका उभी असतानाच बॅटरी आतून झिजते आणि इंधनात पाणी साचते. याचा परिणाम ऑगस्टच्या पहिल्या फेरीत दिसून येतो. त्या वेळी समुद्र पुरता शांत झालेला नसतो. अशा समुद्रात यंत्र बंद पडले, दिवे मालवले आणि बिनतारी संच मुका झाला, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. तो खलाशांच्या जिवाचा होतो.

बॅटरी आपोआप का उतरते?

नौकांवर बहुधा शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी असते. १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्ताँ प्लाँते यांनी तिचा शोध लावला. तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. वीज खर्च होताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, तर विद्युत्भार देताना ते पुन्हा विरघळते. हे सल्फेट ताजे असते तोवर बारीक कणांचे असते. बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिली, तर त्याचे कठीण, मोठे स्फटिक बनतात. मग कितीही विद्युत्भार दिला तरी ते विरघळत नाहीत आणि बॅटरीची तेवढी क्षमता कायमची जाते.

कोणतेही उपकरण चालू नसतानाही बॅटरी हळूहळू उतरत असते. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की ही गती जवळजवळ दुप्पट होते. त्यात खारट दमट हवेने बॅटरीच्या माथ्यावर ओलसर मळी साचते व तिच्यातूनही थोडा प्रवाह वाहतो. यास्तव जूनमध्ये अर्धवट भरलेली बॅटरी नौकेवर तशीच ठेवली, तर जुलैअखेर ती निकामी झालेली आढळण्याचा संभव मोठा असतो.

बॅटरीची निगा

बंदी सुरू होताच बॅटरी नौकेवरून उतरवावी. काढताना आधी ऋण टोकाची तार सोडावी, नंतर धन टोकाची; बसविताना याच्या उलट क्रम ठेवावा. असे केल्याने पाना चुकून धातूला लागला तरी ठिणगी उडण्याचा धोका टळतो. टोकांवर आलेली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. मात्र ते पाणी घटांत जाणार नाही, याची काळजी घ्यावी. टोके कोरडी झाल्यावर त्यांना पेट्रोलियम जेली लावावी.

नंतर बॅटरी पूर्ण भरावी. भरण्याचा प्रवाह सर्वसाधारणपणे क्षमतेच्या एक दशांश ठेवावा. म्हणजे १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीस सुमारे १० अँपिअर. भरणी संपून काही तास विसावा मिळाल्यावर बारा व्होल्टच्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट किंवा त्याहून किंचित अधिक दिसतो. झाकणे उघडता येत असतील तर घनतामापकाने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. आपल्या हवामानासाठीच्या बॅटरीत ते सामान्यतः १.२४० च्या आसपास असते; तरी उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. एखाद्या घटाचे माप इतरांपेक्षा बरेच कमी आले, तर त्या घटात दोष आहे असे समजावे.

महिन्यातून एकदा हीच तपासणी करावी. दाब १२.४ व्होल्टपर्यंत आला असेल तर सुमारे पाव भाग विद्युत्भार खर्च झाला आहे असे समजून बॅटरी पुन्हा भरावी. पातळी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी घालू नये, आणि आम्ल तर कधीच घालू नये. कारण घटातून उडून गेलेले असते ते पाणी, आम्ल नव्हे. समुद्राचे पाणी घटांत शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, हेही ध्यानात ठेवावे.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावू शकते. म्हणून हे काम मोकळ्या, हवेशीर जागी करावे. तेथे विडी किंवा चूल पेटलेली नसावी आणि मुलांनाही जवळ येऊ देऊ नये. अंगावर आम्ल उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास डोळे पाण्याने धूत राहून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

डिझेलचा शत्रू पाणी

स्वच्छ व कोरडे डिझेल काही महिने सहज टिकते. साठ दिवसांत ते जुने होते म्हणून बिघडत नाही; ते बिघडते पाण्यामुळे. अर्धवट भरलेल्या टाकीत दिवसा हवा तापून बाहेर पडते आणि रात्री गारव्याने दमट हवा आत येते. तिच्यातील बाष्प टाकीच्या भिंतीवर थंड होऊन त्याचे थेंब बनतात. सैल झाकणातून अथवा हवा जाण्याच्या नळीतून पावसाचे पाणीही आत शिरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. या दोन थरांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू व बुरशी वाढते आणि तिचा काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. नौका उभी आहे तोवर हा गाळ तळाशी स्वस्थ असतो. लाटांवर पहिला हेलकावा बसताच तो ढवळून निघतो, फिल्टर तुंबतो आणि यंत्र बंद पडते.

यावर उपाय असा की टाकी एकतर जवळजवळ भरलेली ठेवावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून, पुसून कोरडी ठेवावी. भरलेल्या टाकीत हवेला व बाष्पाला जागा उरत नाही. मात्र प्रसरणासाठी सुमारे पाच टक्के जागा मोकळी सोडावी. उत्पन्न थांबलेल्या दोन महिन्यांत टाकीभर डिझेलचे पैसे अडकवून ठेवणे प्रत्येक नाखव्याला परवडणारे नाही. अशांनी दुसरा मार्ग पत्करावा. अर्धी टाकी हा मात्र सर्वांत वाईट पर्याय होय. टाकीचे झाकण घट्ट लावावे आणि हवेच्या नळीचे तोंड पावसापासून झाकावे, पण ते बुजवू नये. काढलेले डिझेल घरात, चुलीजवळ साठवू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपातही ते ठेवू नये, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते.

पेट्रोलचा प्रकार वेगळा

लहान होड्यांच्या बाहेरून बसविलेल्या यंत्रांत पेट्रोल असेल तर तेथे काळही शत्रू ठरतो. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट अंश कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. शिवाय २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल उपलब्ध झाले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी उतरतात, आणि यंत्र नेमके तेथूनच इंधन ओढते. यास्तव पेट्रोलची टाकी रिकामी करावी. यंत्राचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवावे. यामुळे आतील मीठही धुऊन निघते.

समुद्रात जाण्यापूर्वी

नौका पाण्यात लोटण्यापूर्वी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. खाली पाण्याचा थर दिसल्यास स्वच्छ डिझेल येईपर्यंत तळातील पाणी काढावे. ते खाडीत न सोडता डब्यात जमा करावे. फिल्टर नवा घालावा व इंधननळीतील हवा काढावी. भरलेली बॅटरी जोडून दिवे, बिनतारी संच आणि पाणी उपसण्याचा पंप पारखून पाहावा. त्यानंतर नौका बंदरातच बांधलेली असताना यंत्र अर्धा तास चालवावे. बंदरात उघडकीस आलेला दोष तासाभरात दूर होतो. तोच दोष खोल समुद्रात उघडकीस आला तर दुसऱ्या नौकेची वाट पाहावी लागते.

गावाने करावयाचे काम

व्होल्टमापक, घनतामापक आणि भरणीयंत्र प्रत्येक नाखव्याने विकत घेण्याचे कारण नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने वा ग्रामपंचायतीने एक हवेशीर पडवी राखून तेथे ही साधने ठेवली, आणि प्रत्येक बॅटरीवर क्रमांक घालून तपासणीची नोंदवही राखली, तर साऱ्या गावाचे काम भागते. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना या कामात प्रत्यक्ष अनुभव मिळू शकेल. निकामी बॅटऱ्या घरी फोडून शिसे काढण्याचा प्रकार मुलांच्या आरोग्यास घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या विक्रेत्यामार्फत परत कराव्यात.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. बाटलीत डिझेलखाली बसलेले पाणी आणि आम्लात तरंगणारा घनतामापक पाहिला की तारण व घनता हा धडा किनाऱ्यावरच्या मुलांना सहज उमगेल. त्यांतील एखादा मुलगा घरी जाऊन वडिलांना टाकीचा तळ पाहावयास सांगेल, हाही लाभ थोडा नव्हे.

एकूण काम फारसे नाही: बंदीच्या आरंभी एक दिवस, मध्यंतरी एकदा तपासणी आणि अखेरीस पुन्हा एक दिवस. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण करून दर्यावर निघणाऱ्या नौकेचे यंत्र पहिल्या झटक्यात सुरू व्हावे आणि संध्याकाळी तिचे दिवे किनाऱ्यावरून दिसावेत, यासाठी एवढे कष्ट घेणे अगत्याचे आहे.