अर्थिंग स्वतंत्र असावे, पण तुटक नसावे

बडोद्याच्या नागरवाड्यासारख्या जुन्या, दाट वस्तीत किंवा आपल्याकडे पणजीतील एखाद्या जुन्या घरात प्रयोगशाळा वा दवाखाना थाटला जातो, तेव्हा यंत्र बसवणारा तंत्रज्ञ हमखास सांगतो : ‘यासाठी वेगळे अर्थिंग करून घ्या.’ ही सूचना निम्मीच योग्य आहे.

ईसीजी यंत्र हृदयाचा जेमतेम एक मिलिव्होल्टचा संकेत टिपते. त्याला स्थिर संदर्भबिंदू हवाच. मात्र जमीन म्हणजे शांत, अथांग कुंड, ही समजूत खरी नव्हे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे दिसताच कुलाबा वेधशाळेचे भूचुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला न्यावे लागले. तारा-रुळांतले आणि जमिनीत झिरपणारे प्रवाह नोंदी बिघडवणार होते.

म्हणून अंगणात दुसरी सळई ठोकून ती घराच्या मूळ अर्थिंगपासून तोडून ठेवणे घातक होय. वीज कोसळून एका सळईतून १०,००० अँपिअर गेले आणि तिचा रोध ५ ओहम असला, तर तिचे विभव ५०,००० व्होल्टपर्यंत चढते. दुसरी सळई शांतच असते. हा फरक मग यंत्राच्या पोटात, कधी यंत्र हाताळणाऱ्याच्या अंगातून, वाट काढतो. साध्या बिघाडातही धोका टळत नाही : १० ओहमच्या सळईतून २३० व्होल्टला फार तर २३ अँपिअर वाहतात. तेवढ्याने ३२ अँपिअरचे एमसीबी पडत नाही आणि यंत्राचे धातूचे कवच ‘जिवंत’ राहते. तेव्हा ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवेच.

सळया कितीही असोत, त्या एकमेकींना जोडलेल्या असाव्यात. स्वतंत्र असावी ती हिरवी तार : यंत्रापासून मुख्य अर्थपट्टीपर्यंत अखंड, वाटेत पंख्या-फ्रिजला न शिवणारी. जुन्या घरांत ही तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली आढळते. पाइप प्लॅस्टिकचा झाला की ते अर्थिंग केवळ नावापुरते उरते.

बडोद्याच्या गाळाच्या मातीत सळई सहज खोल जाते. गोव्याचा जांभा दगड मात्र उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि रोध वाढतो. खड्ड्यात मीठ घातल्याने तो तात्पुरता उतरतो खरा, पण पावसात मीठ वाहून जाते, शिवाय लोखंडही गंजते. त्यामुळे अर्थिंगचे मोजमाप जुलैत नव्हे, मे महिन्यात करून घ्यावे.