फोटो खरे, गोष्ट रचलेली: ‘मिस पेरेग्रीन’ची गंमत

आजच्या एपिसोडमधलं पुस्तक मी वाचायला घेतलं आणि पहिला अर्धा तास नुसते फोटोच बघत बसले. पुस्तकाचं नाव ‘मिस पेरेग्रीन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन’, लेखक रॅन्सम रिग्ज, साल २०११. टिम बर्टनचा २०१६ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तरीही पुस्तक वाचा, का ते सांगते.

रिग्जला जुन्या बाजारांत फिरून अनोळखी लोकांचे फोटो गोळा करायचा नाद. त्याला खरं तर या फोटोंचंच पुस्तक करायचं होतं. प्रकाशनाच्या संपादकाने सुचवलं, की या फोटोंच्या आधाराने एक गोष्टच लिही ना! म्हणजे इथे गोष्टीसाठी चित्रं काढलेली नाहीत, फोटो आधी आणि पात्रं नंतर. जमिनीपासून वर तरंगणारी मुलगी, अंगभर मधमाश्या असलेला मुलगा... हे फोटो खरोखरच जुने आहेत, संग्राहकांकडून घेतलेले. मोजक्याच फोटोंवर थोडंफार काम केलंय.

मग मुलगी तरंगते कशी? फोटोशॉप नव्हतं तेव्हाही लोक करामती करायचेच. एकाच फिल्मवर दोनदा फोटो घेतला की एक माणूस दोन जागी दिसतो. शटर जास्त वेळ उघडं राहिलं आणि कोणी मध्येच हललं, की झालं भूत तयार!

आता गोष्ट. फ्लोरिडातल्या जेकबला आजोबा लहानपणी असेच फोटो दाखवायचे. वेल्सजवळच्या एका बेटावर अजब मुलांसोबत राहायचो, राक्षसांपासून लपायचो, असं सांगायचे. जेकब मोठा झाला, शाळेत पोरं हसली, आणि त्याने आजोबांवर विश्वास ठेवणं सोडलं. मग वडिलांनी समजावलं: आजोबा पोलंडमधले ज्यू. बाराव्या वर्षी आईवडिलांनी त्यांना एकट्याला ब्रिटनच्या वाटेला लावलं. घरचे परत कधीच भेटले नाहीत. राक्षस म्हणजे नाझी.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. आजोबा थापा मारत नव्हते, सांगता येत नाही ते सांगत होते. पुढे राक्षस खरेही निघतात, ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस रोज परत परत येतो, ते सगळं तुम्हीच वाचा. पण मला धरून ठेवलं ते या जागेने.

आणि अजून एका गोष्टीने. ही मुलं खरी होती. त्यांना नावं होती, घरं होती. तरी त्यांचे फोटो बाजारात विकायला आले, कारण ‘ही कोण?’ हे सांगणारं कोणी उरलं नाही. रिग्जने २०१२ मध्ये ‘टॉकिंग पिक्चर्स’ काढलं, त्यात हाताने मजकूर लिहिलेले जुने फोटो आहेत. दोन ओळी असल्या की लगेच तो माणूस कोणाचा तरी होतो.

आपल्या फोनमध्ये हजारो फोटो असतात. तारीख दिसते, जागाही दिसते; आजीशेजारी उभी असलेली बाई कोण, ते मात्र आजीच सांगू शकते.

तर या आठवड्याचा गृहपाठ: घरातला एक जुना फोटो काढा, आजी-आजोबांना विचारा आणि नावं मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. ते काही अजब सांगायला लागले, तर हसू नका. ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!