मिनास राग्रा: पोलादाला बळ देणारी खाण

पेरूच्या मध्य अँडीजमध्ये सेरो दे पास्को हे जुने खाणगाव आहे, चांदीसाठी नावाजलेले. तिथून पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर, मिनास राग्रा लागते. इथली हवा विरळ, आणि डोंगरउतारांवर गवताखेरीज फारसे काही उगवत नाही. पण पॅट्रोनाइट या दुर्मीळ खनिजाचा एवढा मोठा साठा जगात दुसरीकडे कुठेही सापडलेला नाही. पॅट्रोनाइट म्हणजे व्हॅनेडियम आणि गंधक यांचे संयुग.

व्हॅनेडियमचा शोध १८०१ मध्ये मेक्सिकोत आंद्रेस देल रिओ यांनी लावला होता. मात्र हा धातू निसर्गात विखुरलेला, म्हणून शंभर वर्षे तो महागच राहिला. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पेरूचेच अभियंते अंतेनोर रिसो-पात्रोन यांनी मिनास राग्राच्या काळ्या, कोळशासारख्या दगडात तो ओळखला. खनिजाला त्यांचेच नाव मिळाले, आणि ते न्याय्यच झाले.

इथला दगड नुसता काळा नाही. हवापाण्याने खनिज बदलत गेले आणि शिरेभोवती रंग उमटले: नारिंगी पास्कोआइट, निळे मिनासराग्राइट, तांबडे ह्यूएटाइट. पहिल्या दोघांची नावे याच परिसरावरून पडली आहेत. तिसरे नाव अमेरिकी भूवैज्ञानिक ह्यूएट यांच्यावरून आले. खनिजशास्त्राच्या अभ्यासकाला एका डोंगरात याहून अधिक काय हवे?

खनिज भाजले की गंधक उडून जातो आणि व्हॅनेडियमचे प्रमाण वाढते. लामांच्या पाठीवर लादलेला हा माल डोंगर उतरून पुढे जहाजाने अमेरिकेला जाई. पिट्सबर्गच्या फ्लॅनरी बंधूंनी खाण विकत घेतली होती. त्यांच्या ब्रिजव्हिलच्या कारखान्यात त्यापासून फेरोव्हॅनेडियम बनत असे. पोलादात एक टक्क्याहूनही कमी व्हॅनेडियम पुरते. त्याने पोलादाचे कण बारीक होतात, ते चिवट होते आणि वजन न वाढवता जास्त भार पेलते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत असे पोलाद होते. त्या मोटारीचा इतिहास सांगताना या खाणीचे नाव क्वचितच निघते, याची खंत वाटते. धातूमुळे झालेली खरी भरभराट अँडीजबाहेरच झाली.

१९५५ मध्ये खाण बंद पडली. आज व्हॅनेडियम मुख्यतः मॅग्नेटाइटच्या धातुकातून आणि पोलाद कारखान्यांच्या मळीतून काढतात, आणि त्यात चीन सर्वांत पुढे आहे.